कीवन की कीटू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही वकिली करता. दिवसभर कोर्टाच्या बाकावर बसून इंग्रजीत ईमेल, नोटिसांचे कच्चे मसुदे, पक्षकारांना उत्तरे, सगळे फोनवरच लिहिता. काचेवर टाइप करून वैतागला आहात. जुन्या बाजारात ब्लॅकबेरीचे बटणांचे दोन फोन दाखवले गेले, कीवन आणि कीटू. कीटूचा भाव कीवनच्या जवळपास दुप्पट सांगताहेत. दोन्ही मॉडेल कधीच बंद झाली. यातले कुठले घ्यावे, की दोन्हींचा नाद सोडावा? आणि जाता जाता, त्यावर मराठी लिहिता येईल का?

मी २००६ पासून पुण्यात मोबाइल दुरुस्तीचे काम करतो. सुरुवातीची दोन-तीन वर्षे ब्लॅकबेरीचे ट्रॅकबॉल साफ करून देण्यातच गेली. कीबोर्डच्या वर असलेली, पडद्यावरची निवड हलवणारी ती मण्यासारखी गोळी काढायची, स्पिरिटने पुसायची, परत बसवायची. त्यामुळे या फोनांबद्दल थोडा हळवेपणा माझ्यात आहे, तो वजा करून वाचा.

आधी एक गैरसमज. ४ जानेवारी २०२२ ला 'ब्लॅकबेरी बंद पडले' अशा बातम्या आल्या आणि कित्येकांनी चालते कीटू कपाटात टाकून दिले. त्या दिवशी बंद झाली ती जुन्या ब्लॅकबेरी ओएस आणि ब्लॅकबेरी १० वर चालणाऱ्या फोनांची सेवा. म्हणजे बोल्ड, कर्व्ह, पासपोर्ट, क्लासिक वगैरे. कीवन आणि कीटू हे अँड्रॉइड फोन. २०१६ मध्ये कॅनडाच्या ब्लॅकबेरीने स्वतः फोन बनवणे थांबवले आणि नाव वापरण्याचा परवाना चीनच्या टीसीएलला दिला. भारत आणि शेजारच्या देशांसाठी तो परवाना ऑप्टिमस या भारतीय कंपनीकडे होता. म्हणून तुम्हाला दाखवलेल्या फोनवर नाव ब्लॅकबेरीचे असले तरी कूळ वेगळे आहे. टीसीएलने विक्री ३१ ऑगस्ट २०२० ला थांबवली आणि ऑगस्ट २०२२ पर्यंत देखभालीचे आश्वासन दिले होते. तीही मुदत संपून गेली. आता हे फोन कोणाचेच नाहीत, घेणाऱ्याचे आहेत.

आता तुलना. कीवन फेब्रुवारी २०१७ मध्ये बार्सिलोनात दाखवला गेला आणि ऑगस्ट २०१७ मध्ये ३९,९९० रुपयांना भारतात आला. कीटू जून २०१८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आला आणि जुलैअखेर ४२,९९० रुपयांना आपल्याकडे. पडदा दोन्हींचा जवळपास तोच, साडेचार इंची, १६२० बाय १०८० चा. बॅटरी तीच, ३५०० एमएएचच्या आसपास. हेडफोनचे भोक दोघांनाही आहे, मेमरी कार्डही लागते. स्पेसबारमध्ये बोटाचा ठसा ओळखणारा सेन्सर दोघांच्याही आहे, आणि ती युक्ती मला आजही आवडते. फरक आतल्या मालात आहे. प्रोसेसर कीवनमध्ये स्नॅपड्रॅगन ६२५, कीटूमध्ये ६६०. कीटूला ६ जीबी रॅम. कीवनला ३ किंवा ४, आणि या 'किंवा'वर पुढे येतो. कीटू १६८ ग्रॅमचा आणि साडेआठ मिलिमीटर जाड. कीवन १८० ग्रॅमचा आणि जवळपास साडेनऊ मिलिमीटर. हातात घेतल्यावर हे बारा ग्रॅम कळतात. कॅमेऱ्याचे म्हणाल तर कीवनमध्ये गुगलच्या पहिल्या पिक्सेल फोनमध्ये होता तोच सोनीचा सेन्सर आहे, कीटूला मागे दोन कॅमेरे आहेत. पण कोर्टाच्या आदेशाचा फोटो दोन्हींवर वाचता येतो आणि लग्नाचा फोटो दोन्हींवर काढू नये. कॅमेरा सोडून द्या.

हे सगळे कागदावरचे. कागदावर कीटू जिंकतो, त्यात वाद नाही. पण दुप्पट पैसे देण्याइतका जिंकतो का, हे माझ्या मते एकाच बटणावर ठरते.

कीवनच्या कीबोर्डवर खालच्या ओळीत डावीकडे आणि उजवीकडे अशा दोन शिफ्ट आहेत. कीटूमध्ये उजवी शिफ्ट काढून तिथे एक नवे बटण बसवले: स्पीड की. आता हे काय करते? दोन्ही फोनांवर प्रत्येक अक्षराला एखादे ॲप किंवा काम नेमून देता येते. 'डब्ल्यू'ला व्हॉट्सॲप, 'एम'ला मेल, 'सी' दाबून धरला की घरी फोन. एकदा दाबणे आणि दाबून धरणे असे धरून २६ अक्षरांवर ५२ कामे होतात. पण कीवनवर हे फक्त होम स्क्रीनवरून चालते. तुम्ही मेल लिहीत असाल तर आधी होमचे बटण, मग अक्षर. कीटूवर तुम्ही कुठेही असा, स्पीड की धरून अक्षर दाबले की थेट त्या ॲपमध्ये.

ऐकायला ही क्षुल्लक गोष्ट वाटते. एका पत्रकाराला मी आधी कीवन दिला होता आणि वर्षभराने कीटू. त्यांनी पहिल्या आठवड्यात काही फरक नाही म्हणून सांगितले. महिन्याभराने आले तेव्हा फोन वापरताना त्यांचे अंगठे पडद्यावर जातच नव्हते. मेलमधून कॅलेंडर, तिथून नोंदवही, परत मेल, सगळे कीबोर्डवरून. कीवनवरचा कीबोर्ड लिहिण्यासाठी आहे, कीटूवरचा फोन चालवण्यासाठीही. तुम्ही मसुदे लिहिता लिहिता केस डायरी, तारखा आणि मेल यांच्यात सतत उड्या मारत असाल तर कीटूचे जास्तीचे पैसे वसूल होतील. एका जागी बसून फक्त मजकूर ठोकायचा असेल तर कीवन पुरतो. ही एक गोष्ट स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवा, अर्धे उत्तर मिळेल.

टाइप करण्याच्या अनुभवात फरक आहे, पण तो चवीचा. कीटूची बटणे कीवनपेक्षा सुमारे २० टक्के उंच आहेत आणि वरून खरखरीत, चकाकी नसलेली. कीवनची थोडी लहान, गुळगुळीत आणि दाबल्यावर जास्त कडक. जाड अंगठ्याच्या माणसाला मी डोळे झाकून कीटू देतो. पूर्वी बोल्ड वापरलेल्या लोकांना मात्र कीवनची 'टिक' जास्त आवडते, असे पाहिले आहे. उन्हाळ्यात घामेजलेल्या हातांना कीवनची चकचकीत बटणे निसरडी लागतात. पुण्यातल्या मे महिन्यात कीटूचा मॅट पृष्ठभाग सुखाचा. दोन्हींच्या कीबोर्डवर बोट फिरवून पान वरखाली करता येते, डावीकडे बोट ओढले की मागचा शब्द पुसला जातो, आणि सुचवलेल्या शब्दाखाली बोट वर फेकले की तो शब्द बसतो. हे शिकायला दोन दिवस लागतात. इथे एक सावधगिरी: कीटू एलई नावाचे स्वस्त भावंड ऑक्टोबर २०१८ मध्ये आले होते. त्याच्या कीबोर्डला ही स्पर्शाची सोय नाही, प्रोसेसर उतरता आणि बॅटरी ३००० एमएएचची. काही विक्रेते तेच 'कीटू' म्हणून दाखवतात. सोपी परीक्षा: एखादे लांब पान उघडा आणि कीबोर्डवरून बोट फिरवा. पान हलले नाही तर तो एलई आहे, किंवा स्पर्शाचा थर मेलेला खरा कीटू आहे. दोन्ही घेऊ नका.

एक बारीक गोष्ट, पण रोज चिडवणारी. कीवनला चालू-बंदचे बटण डावीकडे आणि उजवीकडे खाली एक 'कन्व्हीनियन्स' बटण आहे, ज्याला हवे ते काम देता येते. हात सवयीने उजव्या बटणावर जातो आणि स्क्रीन बंद होण्याऐवजी भलतेच काही उघडते. कीटूमध्ये सगळी बटणे उजवीकडे आहेत आणि चालू-बंदचे बटण बोटाला खरबरीत लागते, त्यामुळे न बघता ओळखू येते. कीवन घेतलात तर ते उजवे बटण पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन म्यूट किंवा टॉर्चला लावून टाका.

आता रॅमचे ते 'किंवा'. कीवन जगभर सुरुवातीला ३ जीबी रॅम आणि ३२ जीबी साठ्यासह आला, चंदेरी कडेचा. भारतात ऑप्टिमसने आणलेला काळा कीवन ४ जीबी आणि ६४ जीबीचा, दोन सिमांचा. आज ३ जीबीवर व्हॉट्सॲप, मेल आणि ब्राउझर एकत्र चालवले की एक उघडताना दुसरे मागे मरते, आणि लिहीत असलेला मसुदा त्यात गेला तर राग कीबोर्डवर निघतो. म्हणून ३ जीबीचा चंदेरी कीवन कितीही स्वस्त असो, नको. काळा घ्या, आणि विक्रेत्याच्या शब्दावर न जाता सेटिंगमध्ये मेमरी स्वतः वाचा.

कीवनची अजून एक उघड झालेली बाब आहे. २०१७ च्या मे महिन्यात यूट्यूबवरच्या एका गाजलेल्या वाकवण्याच्या चाचणीत कीवनचा पडदा चौकटीतून सुटून वर आला. तो पुरेशा गोंदाने चिकटवलेला नव्हता. त्यावर कंपनीने चिकटपणा वाढवण्याची पावले उचलत असल्याचे जाहीर केले. म्हणजे सुरुवातीच्या लॉटमधले कीवन आणि नंतरचे कीवन यांत फरक असू शकतो. बघायची पद्धत: फोन उजेडाकडे तिरका धरा आणि पडद्याच्या कडेने नख फिरवा. कुठे फट लागली किंवा दाबल्यावर काच किंचित खाली गेली तर समजा. दुरुस्ती अवघड नाही, गोंद घालून क्लॅम्पमध्ये ठेवता येतो, पण त्या फटीतून आत गेलेली धूळ आणि पावसाळ्यातली ओल बाहेर येत नाही.

खरी अडचण वयाची आहे, आणि इथे दोन्ही सारखेच म्हातारे आहेत. कीबोर्डच्या प्रत्येक बटणाखाली धातूची एक इवलीशी घुमटी असते, आम्ही तिला डोम म्हणतो. बटण दाबले की ती खाली बसते आणि सर्किट जुळते. सोडले की उडी मारून वर येते. ती 'टिक' याच उडीची. वर्षानुवर्षे घाम, धूळ आणि चहाचे थेंब आत जाऊन संपर्काच्या जागी काळा थर बसतो. मग एकदा दाबले की दोन अक्षरे येतात, किंवा जोरात दाबावे लागते. सर्वांत आधी दमतात ती स्पेस, बॅकस्पेस आणि एंटर. आपल्याकडच्या पीसमध्ये 'ए' हे अक्षरही. कारण उघड आहे: आपण मराठी रोमनमध्ये लिहितो. 'आहे', 'काय', 'मला', 'कशाला', सगळीकडे 'ए' कुटले जाते. इंग्रजीत लिहिणाऱ्याचा फोन आणि रोमन मराठी लिहिणाऱ्याचा फोन मी बटणे बघून ओळखू शकतो.

म्हणून चाचणी अशी घ्या. नोंदीचे ॲप उघडा, शब्द सुचवणे बंद करा. क्यूपासून एमपर्यंत प्रत्येक अक्षर आधी हळू दहा वेळा, मग भरभर दहा वेळा दाबा आणि मोजा. दहाची अकरा झाली तर तो पीस सोडा. अल्ट धरून आकडे काढा. अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बटणांखालचा दिवा सगळीकडे सारखा पडतो का बघा. एका कोपऱ्यात अंधार म्हणजे आधी कोणीतरी फोन उघडलेला आहे. शेवटी स्पेसबारवर ठसा नोंदवून दहादा उघडा. कीबोर्डचा भाग मिळतो का, हे लोक विचारतात. परदेशातून मागवता येतो, पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात कधी एखादा जुना काढलेला सापडतोही. पण 'नवा' म्हणून मिळणारा बहुधा मेलेल्या फोनमधून काढलेला असतो, म्हणजे त्याचे वय तुमच्या फोनइतकेच.

बॅटरीचेही तसेच. लिथियमची बॅटरी वापरली नाही तरी म्हातारी होते. सीलबंद डब्यातला २०१८ चा फोन मिळाला म्हणून खूश होणारे लोक हे विसरतात की तो डब्यात पूर्ण उतरलेल्या बॅटरीसह वर्षानुवर्षे पडून आहे, आणि असा फोन कधी कधी वापरलेल्यापेक्षा वाईट निघतो. मागचे कव्हर किंवा पडदा मधोमध किंचित फुगीर लागला तर हात लावू नका, चार्जला तर मुळीच नको. दोन्हींच्या बॅटऱ्या आत बंद आहेत, घरी काढायच्या नाहीत. काहीशे रुपयांचा एक यूएसबी मीटर मिळतो. तो साध्या, फास्ट नसलेल्या चार्जरमध्ये लावून रिकामा फोन पूर्ण भरा, साधारण किती एमएएच आत गेले ते दिसते. ३५०० च्या बॅटरीत २४०० गेले तर बदलण्याचा खर्च भावातून वजा करा. दोघांत टिकाऊपणा विचाराल तर माझे मत कीवनच्या बाजूने आहे. ६२५ हा प्रोसेसर फारच काटकसरी होता आणि बॅटरी चांगली असेल तर कीवन आजही दिवस सहज काढतो.

सुरक्षेबद्दल सरळ बोलतो, कारण तुमच्याकडे पक्षकारांची कागदपत्रे आहेत. ब्लॅकबेरी म्हणजे सुरक्षित, हे लोकांच्या डोक्यात पक्के बसले ते २०१० साली. तेव्हा भारत सरकारने संदेश वाचता येत नाहीत म्हणून सेवा बंद करण्याचा इशारा दिला होता. त्यापेक्षा मोठी जाहिरात कुणाला मिळाली नसेल. पण ती कीर्ती त्यांच्या जुन्या यंत्रणेची होती. कीवन आणि कीटू दोघेही अँड्रॉइड ८.१ वर थांबले, नववी आवृत्ती कीटूलाही मिळाली नाही. सुरक्षेची अद्ययावत भर येणे कधीच थांबले. बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना अँड्रॉइड उघडणारा भाग, कुलूपबंद आहे, त्यामुळे हौशी लोकांनी बनवलेले नवे अँड्रॉइडही यावर चढवता येत नाही. इतर जुन्या फोनांना मिळते तसे दुसरे आयुष्य यांना नाही. व्हॉट्सॲप अजून चालते. बँकेचे ॲप आणि यूपीआय आज चालले तरी मी ते यावर ठेवत नाही, तुम्हीही ठेवू नका. लिहिण्याचा दुसरा फोन म्हणून वापरा: मसुदा इथे लिहा, मेलने पाठवा, गोपनीय फाइल यावर साठवू नका.

नेटवर्कचे पटकन. ५जी दोघांनाही नाही, पण मसुद्यांना ते कशाला हवे. जिओवर व्होल्टी, म्हणजे ४जीवरून कॉल करण्याची सोय, असल्याशिवाय कॉल होत नाही आणि परदेशातून आणलेल्या पीसमध्ये आपल्याकडचे सगळे बँड असतीलच असे नाही. तेव्हा आपले सिम घालून, दुकानातून बाहेर रस्त्यावर येऊन, एक कॉल लावा आणि एक घ्या. *#०६# दाबून आलेला आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, आधी केवायएम आणि जागा सोडून क्रमांक असा, १४४२२ ला एसएमएस करा. फोन काळ्या यादीत आहे का ते कळते. वकिलाकडे चोरीचा फोन सापडणे बरे दिसत नाही. आणि आधीच्या मालकाचे गुगल खाते काढलेले आहे ना, हे फोन समोर रीसेट करवून बघा. नाहीतर घरी गेल्यावर तो त्याचाच पासवर्ड मागत बसेल.

आता मराठी. इथे वाईट बातमी आहे. बटणांवर फक्त रोमन अक्षरे आहेत. रोमनमध्ये टाइप करून देवनागरी मिळवण्याची सोय पडद्यावरच्या कीबोर्डवर छान चालते, पण खऱ्या बटणांवर ती भरवशाची नाही, असा माझा अनुभव. मग देवनागरीसाठी पडद्यावरचा कीबोर्ड काढावा लागतो. तो साडेचार इंचांतला अर्धा पडदा खातो आणि खाली बटणे नुसती बघत बसतात. मी मराठी बोलून लिहितो: माइक दाबून बोलायचे आणि चुका नंतर बटणांनी पुसायच्या. बॅकस्पेस मात्र खऱ्या बटणाचा असल्याने ते पुसण्याचे काम फार झकास होते. मराठी मसुदे जास्त असतील तर यांतला कुठलाच फोन घेऊ नका, लॅपटॉपच बरा.

तुमच्या जागी मी असतो तर? मेल, मसुदा आणि तारखा यांच्यात दिवसभर फिरणे असेल तर कीटू, पण वरच्या दहा दाबांच्या चाचणीत पास झालेलाच. तो नापास आणि शेजारचा काळा कीवन पास, तर निम्म्या पैशांत कीवन. दोन्ही नापास असतील तर रिकाम्या हाताने परत या. युनिहर्ट्झसारख्या छोट्या कंपन्या अजून बटणांचे नवे फोन काढतात. ते बोजड असतात, पण त्यांची बॅटरी तरी ताजी असते.

माझ्या खिशात कीवन आहे. कीटू मी तीनदा घेतला आणि तीनदा कुणीतरी मागून नेला.